आठ तारांची वाटणी

सुनेच्या जमेच्या बाजूला काय काय पडणार होतं, ते आधी पाहू. रोजचे बसमधले अडीच तास वाचणार. एक्स-रे तपासणी केंद्रातला शिशाचा जड झगा, जो उतरवून ठेवल्यावरही संध्याकाळपर्यंत खांद्यावर असल्यासारखा वाटायचा, तो सुटणार. अर्ध्या दिवसाच्या नोकरीची पूर्ण नोकरी. आणि नावापुढे ‘प्रमुख’ हा शब्द, जो तीन वर्षांपूर्वी तिच्या हातात येता येता शेजारच्या टेबलावर जाऊन बसला होता.

हे सगळं देऊ करणारी कंपनी लांबच्या शहरात होती. निरनिराळ्या रुग्णालयांतले एक्स-रे आणि स्कॅन घरी बसून तपासायचे. चित्र हललंय का, तिरकं आलंय का, डावा पाय उजवा म्हणून तर पाठवला नाही ना, हे बघायचं आणि मग ते डॉक्टरांकडे सोडायचं. एकेक स्कॅन म्हणजे हत्तीच्या वजनाची फाइल, म्हणून अटी कडक होत्या. वाय-फाय चालणार नाही, इंटरनेट थेट वायरने संगणकात आलेलं हवं. वेग तीनशे एमबीपीएसच्या वर हवा. खोलीला दार हवं आणि ते आतून बंद होणारं हवं, कारण कुणाच्या फुप्फुसाचा फोटो कुणाच्या काकूने बघत बसायचं काम नाही. परीक्षा सोमवारी दुपारी तीनला. कंपनी स्वतः वेग मोजणार. तीनशे भरला तर पुढे दहा स्कॅन येणार, नाही भरला तर यादीतली पुढची बाई. दुसरी संधी नाही, हे वाक्य पत्रात ठळक अक्षरांत होतं. इकडे तपासणी केंद्रात तिच्या जागेवर नवा माणूस शनिवारीच रुजू झाला होता. म्हणजे मागचं दार लागलेलं आणि पुढचं अजून उघडायचं होतं.

आणि वेग येत होता चौऱ्याण्णव.

जोडणी होती पाचशेची. महिन्यापूर्वी मुद्दाम वाढवून घेतलेली. त्याआधी घरात पन्नासची होती आणि पन्नासला पन्नास चोख यायचे, कुणाची काही तक्रार नव्हती. पाचशे घेतल्या दिवसापासून सुनेच्या खोलीतल्या संगणकावर चौऱ्याण्णव. सकाळी चौऱ्याण्णव, रात्री चौऱ्याण्णव. कधी पंच्याण्णव झालं की तिला उगाच आशा वाटायची.

घर दोन मजली, अंगाने बारीक. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या: पुढची सुनेची, मागची सासूबाईंच्या कंबरेची. असंच म्हणायचे घरात. सासूबाईंची कंबर तीन वर्षांपूर्वी धरली होती आणि डॉक्टरांनी नव्हे तर त्यांनी स्वतःच ठरवलं होतं की दुपारी एक ते चार सपाट पडून राहायचं. गरम पाण्याची पिशवी घेऊन त्या मागच्या खोलीत जायच्या, आतून कडी लावायच्या. त्या तीन तासांत सून मिक्सर लावत नसे, फोन आला तर अंगणात जाऊन बोलत असे, जिना चढताना चपला हातात घेत असे. दारापलीकडून कधी टिकटिक ऐकू यायची. “विणते पडल्या पडल्या,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. तीन वर्षांत त्या सुयांमधून एक बाहीसुद्धा बाहेर आली नव्हती, पण दुखणेकऱ्याच्या विणकामाचा हिशेब कोण विचारतो?

जिन्याखाली एक लाकडी डबा होता, छोटंसं कपाटच म्हणा ना. त्यात राउटर. डब्याला कुलूप, आणि किल्ली सासऱ्यांच्या बनियनच्या खिशात. सासऱ्यांनी टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं तारा ओढल्या होत्या. घरातली वायर त्यांनी स्वतः टाकली होती, राउटरपासून भिंतीतल्या नळीतून वर सुनेच्या खोलीपर्यंत, आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

“बाबा, डबा उघडून एकदा बघता का?” सून म्हणायची.

“बघतो.”

“महिना झाला, तुम्ही बघताय.”

“अगं, तारेत काही नाही. तार पोलादी आहे. कंपनीच चोर आहे.”

तेव्हा तिने कंपनीला विचारायचं ठरवलं. ब्रॉडबँडची कंपनी लहानशी, आसपासच्या वस्त्यांत वायरी टाकणारी. तक्रार लेखी करायची, मोबाइलवर गप्पांसारखी खिडकी उघडते, पलीकडून सहायक उत्तर देतो. सहायक तिघे होते. त्यांची नावं नसत, आकडे असत. सून केंद्रातून घरी यायची, जेवायची आणि दोनच्या सुमाराला लिहायला बसायची. दरवेळी पलीकडे सहायक ३.

सहायक ३ अतिशय सुसंस्कृत होता. “आपली अडचण वाचून वाईट वाटले,” अशी सुरुवात असायची. मग “चौऱ्याण्णव हा वेग कुटुंबासाठी पुरेसा व समाधानकारक आहे.” मग सूचना. राउटर बंद करून चालू करा. पंखा बंद करून पाहा. खिडकी उत्तरेला असल्यास पडदा लावा. सुनेने पंखा बंद केला, पडदा लावला, घामाने निथळत चौऱ्याण्णव वाचला. नऊ तक्रारी झाल्या. नवव्या वेळी तिने लिहिलं, “माणूस पाठवा.” उत्तर आलं, “माणूस पाठवण्याची आवश्यकता दिसत नाही. आपण फार ताण घेता. थोडी विश्रांती घ्यावी.”

तिला ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं होतं, पण अशी वाक्यं सगळ्यांचीच असतात.

मग रविवारी सहायक ३ सुट्टीवर होता. तिथे बसलेल्या सहायक १ ने दोन मिनिटांत लिहिलं: “रोज नेमका चौऱ्याण्णव? मग आठातल्या चार तारा पोचत नाहीयेत. उद्या दुपारी माणूस येईल.”

*

तंत्रज्ञ सोमवारी दीड वाजता आला. चाळिशीचा, पाठीवर पिशवी, गळ्यात निळी फीत आणि तिला लटकलेलं ओळखपत्र. पायातले बूट काढतानाच म्हणाला, “ताई, परीक्षा तीनला ना? नोंदीत लिहिलंय. मग चहा नंतर.”

वर जाऊन त्याने सुनेच्या संगणकाच्या मागे डोकं घातलं. वायर जिथे खोचलेली होती तिथला दिवा नारिंगी लुकलुकत होता.

“हा हिरवा हवा. नारिंगी म्हणजे शंभराच्या आत. ताई, या वायरच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभरापर्यंत दोन जोड्यांवर भागतं. त्याच्या पुढे जायचं तर चारही जोड्या हव्यात. तुमच्याकडे दोनच येतायत.”

“मग पन्नास व्यवस्थित यायचे ते?”

“पन्नासला दोन जोड्या खूप झाल्या. कळलंच नसतं कुणाला जन्मभर.”

“आणि बाकीच्या दोन?”

“तुटल्या असतील. नाहीतर दुसरीकडे गेल्या असतील.” आणि तो स्वतःच हसला. “तारा कुठे जाणार म्हणा. खाली डबा दाखवा.”

सासरे डब्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, ते उलटं.

“किल्ली हरवली,” ते म्हणाले.

“बाबा, बनियनचा खिसा.”

“हो का? बघतो.”

“काका, मी पण तारवालाच,” तंत्रज्ञ समजुतीने म्हणाला. “तुमचं काम बघून दोन गोष्टी शिकेन.”

या वाक्यावर अडतीस वर्षांच्या नोकरीचा माणूस विरघळणार नाही असं होत नाही. किल्ली निघाली. डबा उघडला. तंत्रज्ञाने आत बॅटरी मारली आणि तो आणखी खाली वाकला.

भिंतीतून वायर एकच येत होती. पण तिचं कातडं वीतभर सोललेलं होतं, आणि पोटातल्या आठ तारा दोन वाटांनी गेल्या होत्या. केशरी आणि हिरवी जोडी एका प्लगमध्ये. निळी आणि तपकिरी जोडी दुसऱ्या प्लगमध्ये. दोन्ही प्लग राउटरच्या दोन भोकांत, नीट, दोऱ्याने बांधलेले, दोऱ्याचं टोकही कापलेलं.

“काका,” तो म्हणाला, “हे आता कोणी करत नाही.”

“कुणाला येत नाही म्हणून करत नाहीत,” सासरे म्हणाले. “आमच्या खात्यात एक जोडी म्हणजे एक घर. चार जोड्यांवर चार घरं बोलायची. तुम्ही लोक एका संगणकाला आठ तारा लावता. चार कामाला आणि चार शोभेला! उधळपट्टी आहे.”

“केशरी-हिरव्या ताईंच्या खोलीत. निळ्या-तपकिरी कुठे गेल्या?”

सासऱ्यांनी वर्तमानपत्र सुलट केलं आणि वाचू लागले.

“बाबा, दुसरी वायर कुठे जाते?”

“कुठे नाही. राखीव आहे.”

तंत्रज्ञाने सुनेकडे पाहिलं. “ताई, ज्या वायरचा मालक माहीत नसतो तिची आमच्यात एक सोपी तपासणी असते. ती काढायची आणि घरात कोण ओरडतं ते ऐकायचं.”

आणि सासरे खुर्चीतून अर्धे उठेपर्यंत त्याने दुसरा प्लग खेचून काढला.

एक क्षण काही झालं नाही. मग वर मागच्या खोलीची कडी खाडकन पडली, दार भिंतीवर आपटलं आणि जिन्यावरून पावलं आली. दोन-दोन पायऱ्या सोडून येणारी पावलं. सुनेला वाटलं शेजारचं कुणी वर शिरलंय. कारण या घरात अशी पावलं कुणाचीच नव्हती.

“अहो! लाइन गेली! चार ग्राहक लटकलेत माझे, एक तर आधीच तापलाय...”

शेवटच्या पायरीवर सासूबाई थांबल्या. पाठ ताठ. केस नीट विंचरलेले, नाकावर सुनेने कधी न पाहिलेला चष्मा. आणि गळ्यात निळी फीत, तंत्रज्ञाच्या गळ्यात होती तशीच, खाली तसंच ओळखपत्र.

तंत्रज्ञाने पुढे वाकून ते ओळखपत्र वाचलं आणि त्याचा हात आपोआप कपाळाशी गेला, वरिष्ठाला सलाम करतात तसा. “तीन नंबर मॅडम? तुम्ही? रोज माझी कामं तुम्हीच वाटता की हो!”

सून जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिला सगळ्यात आधी जे सुचलं ते अगदीच वेडगळ होतं. “आई,” ती म्हणाली, “तुमची कंबर...”

सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवला. उशिरा.

*

सुनेने मोबाइल काढला. तक्रारींची खिडकी पहिल्या झटक्यात उघडली. ती मोठ्याने वाचू लागली, शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक शब्द सुटा.

“‘नमस्कार. मी सहायक ३. आपली अडचण वाचून वाईट वाटले.’ वाईट वाटलं का, आई?”

“वाटलं,” सासूबाई म्हणाल्या.

“‘पंखा बंद करून पाहा.’ मी पंखा बंद करून बसले होते. उन्हाळ्यात. दोन भिंतींपलीकडे तुम्ही पंख्याखाली बसून हे लिहिलंत?”

“अगं, काहीतरी लिहायचं असतं. गप्प बसलं की घड्याळ लाल होतं आमच्याकडे.”

“‘आपण फार ताण घेता, थोडी विश्रांती घ्यावी.’ हे तर तुम्ही मला आदल्याच रात्री ताटं वाढताना म्हणाला होतात! शब्द न् शब्द!” तिचा आवाज आता फाटला. “नऊ वेळा, आई. नऊ वेळा मी तुमच्याकडेच तुमची तक्रार केली!”

तंत्रज्ञ पिशवीत काहीतरी शोधू लागला, जे पिशवीत नव्हतं.

“माणूस आला असता तर डबा उघडला असता,” सासूबाई म्हणाल्या. “मग हे असं झालं असतं.”

“मग हे असं झालंच ना!”

सासूबाई शेवटच्या पायरीवर बसल्या. बसताना कंबर अजिबात दुखली नाही, हे तिघांनीही पाहिलं.

“ऐक. यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता या कंपनीचा मालक आहे. तीन वर्षांपूर्वी तो म्हणाला, काकू, तुम्ही लिहिता छान, तीन तास बसाल का? एक ते चार. म्हटलं, बघते जमतंय का. महिनाभराचं शिकाऊ काम होतं. जमलं तर सांगायचं, नाहीतर हसं कशाला करून घ्या. आणि त्याच आठवड्यात तू आलीस. म्हणालीस, आई, केंद्रात मला प्रमुख करतायत, दिवसभर राहावं लागेल, दुपारी शाळेतून आली की पोरीला तुम्ही बघाल का?”

“आणि तुम्ही म्हणालात, कंबर धरलीये.”

“तोंडातून गेलं. मग पुढच्या महिन्यात काय सांगायचं, बरी झाली? तोवर तू नाही म्हणून कळवूनही आली होतीस.”

सुनेने मोबाइल हळूच स्टुलावर ठेवला. तिला तो दिवस आठवला. केंद्राच्या मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभं राहून तिने सांगितलं होतं, घरी दुखणं आहे. बाई म्हणाल्या होत्या, विचार कर, पुन्हा मिळणार नाही. मिळालं नाहीच. मुलगी आता चार वाजेपर्यंत शाळेत असते. गरज संपली होती आणि संधीही. तीन वर्षं ती रोज दुपारी घरी होती, पोरीचं गणित घेत होती, आणि चपला हातात घेऊन जिना चढत होती, कुणाची तरी नोकरी नीट चालावी म्हणून.

“मला सांगितलं असतंत,” ती म्हणाली, “तर मी काहीतरी केलं असतं. पाळणाघर बघितलं असतं. मी तुम्हाला पेढ... मी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या, आई.”

“आज वाटतं तसं. या घरात मी पस्तीस वर्षांत जे जे विचारलं त्याला ‘बघू’ हेच उत्तर आलंय. म्हणून या वेळी विचारलंच नाही.” सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “आणि महिन्यापूर्वी तुझी ती अट आली तेव्हा मी यांना सांगितलं, दुसरी वायर टाका, तिला आठही तारा द्या. रोज रात्री सांगितलं. रोज ‘उद्या’.”

“वाटणी बरोबर होती,” सासरे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले. “पन्नासवर कुणाला काही कमी पडत होतं? सूनबाईंनीच पाचशे आणले.”

“मी तुझी माफी मागते,” सासूबाई सुनेला म्हणाल्या.

सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आता दोन वाजून पाच मिनिटं झालीत. माफी तीनची परीक्षा झाल्यावर मागा.” आणि तंत्रज्ञाकडे वळली. “आठही तारा मला मिळायला किती वेळ लागेल?”

“हात लावल्यापासून अर्धा तास. वर ज्या खोक्यात काकांनी तारा फोडल्यात तिथे पुन्हा जुळवायच्या, दोन्ही टोकांना नवे प्लग. पण हात लावता येत नाही.”

“म्हणजे?”

“भिंतीतल्या तारेला हात लावायचा तर सहायकाकडून कोड लागतो. बिनकोडचं काम केलं म्हणून गेल्या महिन्यात मला आठ दिवस घरी बसवलं. पुन्हा परवडणार नाही, ताई.”

“मग जिन्यावरून नुसतीच एक लांब वायर सोडा, आजच्यापुरती!”

“गुंडाळी सकाळीच संपली. हातभर तुकडे आहेत फक्त.”

“मग कोड घ्या.”

त्याने ओशाळून शेवटच्या पायरीकडे पाहिलं. “चारपर्यंत कोड देणार तीन नंबरच.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना नियम पाठ होते. “कारण लिहावं लागतं. तार खराब झाली असं लिहिलं तर वायर बदलणारी माणसं वेगळी, ती बुधवारी येणार. आज कोड हवा तर एकच कारण चालतं, घरातल्यांनी परस्पर केलेली जोडणी. पण तिथे दुसऱ्या टोकाला कोण बसतं ते लिहायचं. ते थेट मालकाच्या फोनवर जातं. जुन्या तक्रारींसकट.”

“उंदीर लिही,” सासरे म्हणाले. “उंदराने कुरतडली. खात्यात आम्ही नेहमी उंदीरच लिहायचो.”

“उंदीर बुधवारी,” तंत्रज्ञ हळूच म्हणाला.

सुनेने विनंती केली नाही आणि धमकीही दिली नाही. तिला खरोखर सुचतच नव्हतं. गेल्या अर्ध्या तासात, ती ज्या बाईला ओळखत होती ती बाई या पायरीवर उरलीच नव्हती, आणि जी बसली होती तिच्याकडे काय मागायचं हे तिला माहीत नव्हतं.

सासूबाई उठल्या. “माझा संगणक खाली आण,” त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या, आणि त्या आवाजात हुकूम होता. “राउटरला इथेच जोड, हातभर तुकड्याने. ग्राहक लटकलेत.”

संगणक स्टुलावर आला. सासूबाई जिन्याखाली, डब्याच्या दारात, बुटक्या चौरंगावर बसल्या आणि दहाही बोटांनी टाइप करू लागल्या. सून बघत राहिली. विणकामाच्या सुया इतक्या वेगाने कधीच चालत नाहीत. एवढी वर्षं तिला ते कसं कळलं नव्हतं?

आधी त्यांनी चार ग्राहक मिटवले. मग नवी खिडकी उघडली आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, कुणासाठी ते कळलं नाही.

“‘कारण: घरातल्यांनी परस्पर केलेली जोडणी. जोडणी करणारे: माझे पती. दुसऱ्या टोकाचा वापर: मी स्वतः, सहायक ३. ग्राहक माझी सून आहे. तिच्या नऊ तक्रारींना मी जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिली. वेगात तिची चूक नव्हती. पंख्याचीही नव्हती.’”

“माझं नाव कशाला?” सासरे म्हणाले.

“पती लिहिलंय. नाव कुठे लिहिलंय?”

बटण दाबलं गेलं. तंत्रज्ञाच्या मोबाइलवर कोड आला, ‘टिंग’ वाजलं. दोन वाजून सोळा मिनिटं. तो पिशवी घेऊन दोन-दोन पायऱ्यांनी वर पळाला.

*

दोन बावन्नला सुनेच्या संगणकामागचा दिवा हिरवा झाला. तीनला तिने दार आतून लावलं. तीन वाजून दोन मिनिटांनी लांबच्या शहरातून कुणीतरी वेग मोजला: चारशे शहाऐंशी. मग स्कॅन येऊ लागले, एकामागून एक, न अडखळता. तिने सहावा परत पाठवला, कारण रुग्णाने श्वास घेतला होता आणि बरगड्या दोनदा उमटल्या होत्या. आठव्यात डावा गुडघा उजवा म्हणून आला होता. चारला निकाल आला. एका ओळीचा. ‘उद्यापासून.’

ती दार उघडून जिन्यात आली तेव्हा खाली सासूबाई फोनवर होत्या. चौरंगावरच, पाठ ताठ.

“हो... हो, नऊही मीच... नाही, ताप नव्हता, भान होतं... बरोबर आहे. मी मालक असते तर मीही हेच केलं असतं... हो, त्यांना सांगते तुमचा नमस्कार.”

त्यांनी फोन ठेवला. गळ्यातली निळी फीत डोक्यावरून काढली आणि तंत्रज्ञापुढे धरली. “ही तुझ्याबरोबर पाठवायला सांगितलीये.”

“मॅडम, मी नंतर...”

“नियम आहे. घे. आणि पाच वाजताचं ते गल्लीच्या टोकाचं काम विसरू नकोस, म्हातारे गृहस्थ आहेत, बेल हळू वाजव.”

त्याने फीत घेतली, नीट गुंडाळली, वरच्या खिशात ठेवली. चहा न घेताच गेला.

सून पायऱ्या उतरून आली. “मी पास झाले,” ती म्हणाली.

“कळलं. चारशे शहाऐंशी. मला इथून दिसत होतं.” सासूबाईंनी चष्मा पुसला. “आता माफी मागू का?”

“आज नको,” ती म्हणाली. “आज मला ती घेता यायची नाही.”

संध्याकाळी नवरा कामावरून आला, बूट काढता काढता त्याने विचारलं, “आज काही विशेष?” दोघी बायकांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं आणि तो हात धुवायला निघून गेला.

कुणी काय मोजलं ते आता स्पष्ट आहे. सुनेने तीन वर्षांच्या दुपारी दिल्या आणि एक पद, त्या बदल्यात तिला उशिराने एक पद मिळालं. गेलेल्या दुपारी परत येत नाहीत. सासूबाईंनी नोकरी दिली, आणि ती स्वतःच्या हाताने, दहा बोटांनी, एकही चूक न करता टाइप करून दिली. तंत्रज्ञाने चहा सोडला. ज्यांनी एका वायरची दोन घरं केली, महिनाभर उद्या म्हटलं आणि शेवटी उंदीर सुचवला, त्या सासऱ्यांनी डब्याला पुन्हा कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या खिशात टाकली आणि काहीही दिलं नाही.